मारी तोरोचिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपियन सिनेमा आवडीने पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांना तारकोव्हस्की, बर्गमन, वायदा ही नावं तोंडपाठ असतात. हंगेरीचं नाव निघालं की गाडी बहुतेक वेळा दिग्दर्शकांपाशीच थांबते. तिथल्या ज्या अभिनेत्रीबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते, तिच्याविषयीची ही प्रश्नोत्तरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मारी तोरोचिक कोण होत्या?

हंगेरीच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर साठ वर्षांहून जास्त काळ काम केलेल्या अभिनेत्री. २३ नोव्हेंबर १९३५ रोजी हेवेश परगण्यातल्या पेय नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला आणि १६ एप्रिल २०२१ रोजी ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या सोम्बतहेय शहरात वयाच्या ८५व्या वर्षी त्या गेल्या. चित्रपट आणि दूरचित्रवाणी मिळून त्यांची कामं शंभराच्या वर जातात. नाटकं वेगळीच. हंगेरीत लहानथोर सगळे त्यांना ओळखायचे. बाहेरच्या जगाला मात्र त्यांची ओळख तीन-चार चित्रपटांपुरतीच राहिली.

कुठे ‘तोरोचिक मारी’ लिहिलेलं दिसतं, कुठे ‘मारी तोरोचिक’. बरोबर काय?

दोन्ही. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात, त्यामुळे हंगेरियन श्रेयनामावलीत ‘तोरोचिक मारी’ असं येतं. उच्चाराचं म्हणाल तर त्यातला ‘ओ’ तोंडाचा चंबू करून काढायचा असतो आणि तो देवनागरीत नीट बसत नाही. इथे सोयीचं रूप घेतलं आहे. बाकी हंगेरियन नावांनाही हाच न्याय लावला आहे.

त्यांची सुरुवात कोणत्या चित्रपटाने झाली?

‘कोरहिंता’ने. साल १९५६, दिग्दर्शक झोल्तान फाब्री. मारी तेव्हा बुडापेस्टच्या नाट्य आणि चित्रपट अकादमीत शिकत होत्या. विद्यार्थिनीला थेट नायिकेची भूमिका मिळाली. नावाचा अर्थ जत्रेतला फिरता पाळणा, साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या गरगर फिरतात तो.

कथा इम्रे शार्कादी यांच्या एका लघुकथेवरून घेतलेली आहे. खेड्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी, तिचंही नाव मारीच. तिचं प्रेम माटे नावाच्या तरुणावर. माटे सहकारी सामुदायिक शेतीत काम करणारा. मारीच्या बापाने त्या सामुदायिक शेतीतून अंग काढून घेतलं आहे आणि त्याला मुलगी द्यायची आहे ती स्वतःची जमीन राखून असलेल्या माणसाला. जमिनीचं लग्न जमिनीशीच लागतं, असा त्याचा हिशेब.

काळ १९५३चा. हंगेरीत शेतकऱ्यांना जबरदस्तीने सामुदायिक शेतीत ओढलं गेलं होतं आणि त्याच वर्षी सरकारचं धोरण सैल पडल्यावर बरेच जण बाहेर पडू लागले होते. म्हणजे वरवर ही प्रचारपटाची मांडणी आहे: चांगला नायक सामुदायिक शेतीचा, हट्टी बाप खाजगी मालकीचा. तरीही चित्रपट प्रचारपट वाटत नाही. पाहताना आपण धोरण विसरतो आणि मुलीच्या बाजूने उभे राहतो. फाब्री यांनी बापालाही खलनायक केलेलं नाही. त्याची भीती खरी आहे.

सुरुवातीचं जत्रेचं दृश्य प्रसिद्धच आहे. मारी आणि माटे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, कॅमेराही त्यांच्याबरोबर फिरतोय, मागचं जग पुसट होत चाललंय. पण माझ्या मते खरी परीक्षा पुढे एका लग्नातल्या नाचाची आहे. दोघं नाचायला लागतात ते थांबतच नाहीत. सगळा गाव बघतोय, ठरवलेला नवरा बघतोय. मारीचा चेहरा आधी लाजलेला, मग हट्टी, मग बेभान. संवाद जवळजवळ नाहीत. अकादमीतून अजून बाहेरही न पडलेल्या मुलीने हे केलं आहे, हे दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागतं.

माटेची भूमिका करणारे इम्रे शोश हे तेव्हाचे फार लोकप्रिय नट, स्वतः शेतकरी घरातून आलेले. पुढच्याच वर्षी, १९५७मध्ये, ते आणि त्यांची पत्नी घरात मृतावस्थेत सापडले. ‘कोरहिंता’ आज पाहताना ही गोष्ट माहीत असेल तर पडद्यावरचा त्यांचा उत्साह जड जातो.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ‘कोरहिंता’ला पारितोषिक मिळालं होतं का?

नाही. १९५६च्या स्पर्धेत तो होता, गाजला, पण रिकाम्या हाताने परतला. सर्वोच्च पारितोषिक समुद्राच्या पोटातल्या जगावरच्या एका फ्रेंच माहितीपटाला गेलं. अभिनयाचं पारितोषिक सुझन हेवर्ड यांना मिळालं. तेव्हा समीक्षक असलेले फ्रान्स्वा त्रुफो या हंगेरियन चित्रपटावर आणि त्याच्या नायिकेवर भलतेच खूश झाले होते आणि त्यांनी तसं लिहिलंही.

भारतीय वाचकांसाठी एक जोड: सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ याच वर्षी याच स्पर्धेत होता आणि त्याला ‘सर्वोत्तम मानवी दस्तऐवज’ असं खास पारितोषिक मिळालं. खेड्यातल्या मुलींच्या दोन गोष्टी, दोन टोकांच्या देशांतून आलेल्या, एकाच महोत्सवात. फिल्म सोसायटीवाल्यांनी हे दोन चित्रपट एकापाठोपाठ दाखवायला हवेत.

महोत्सव वसंतातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टमध्ये साम्यवादी राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. खूप कलावंत देश सोडून गेले. मारी तोरोचिक हंगेरीतच राहिल्या आणि आयुष्यभर तिथेच काम करत राहिल्या.

‘गोड खेडवळ मुलगी’ या साच्यात त्या अडकल्या नाहीत का?

अडकू शकल्या असत्या. वाचवलं ते फाब्री यांनीच. १९५८मध्ये त्यांनी मारींना ‘एदेश ऑना’त घेतलं. देझ्यो कोस्तोलान्यी यांच्या १९२६च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. १९१९ची अल्पजीवी साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरचं बुडापेस्ट, सरकारी अधिकाऱ्याचं सुखवस्तू घर आणि तिथे कामाला आलेली ऑना. मोलकरीण म्हणून एकदम नमुनेदार. मालकीणबाई शेजारणींना तिचं कौतुक दाखवतात, जणू घरात नवीन यंत्र आणलंय. मालकिणीचा भाचा तिला नादी लावतो आणि टाकून देतो. ऑना गप्प. भांडी, फरशी, चूल, पुन्हा भांडी. आणि एका रात्री ती स्वयंपाकघरातली सुरी उचलते आणि मालक-मालकीण दोघांनाही मारते.

आता यातली अडचण बघा. ऑना बोलतच नाही. तिने खून का केला हे ती कोर्टालाही सांगू शकत नाही. म्हणजे प्रेक्षकाला जे कळायचं ते तिच्या हालचालींतून. मारींनी ते असं केलंय की खांदे दृश्यागणिक आत जात राहतात आणि नजर खाली जाते. मालकिणीचं काम मारिया मेझेई यांनी केलं आहे. त्या जितक्या बोलक्या, तितकी ही मुकी. हा चित्रपट १९५९मध्ये कानच्या स्पर्धेत होता. तोरोचिक यांच्यावर बोलताना लोक याला वगळतात, ते मला पटत नाही.

रंगभूमीवर त्या कुठे काम करत होत्या?

१९५८पासून १९७९पर्यंत बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात, म्हणजे तिथल्या कायमच्या नटसंचात. हंगेरीत १९४९मध्ये नाट्यगृहांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. नट एका नाट्यगृहाशी बांधलेला असे आणि त्याला महिन्याचा पगार मिळे. सकाळी नव्या नाटकाची तालीम, संध्याकाळी जुन्याचा प्रयोग, आणि एकाच हंगामात चार-पाच वेगवेगळी नाटकं आलटून पालटून. चित्रीकरण करायचं ते यातून वेळ काढून.

या पद्धतीचे तोटे होते. नटाला भूमिका नाकारायला फारशी मुभा नसे. पण एक फायदा मोठा होता. पडद्यावर गाजलेल्या मुलीला संध्याकाळी शेक्सपियर, दुसऱ्या दिवशी नवा हंगेरियन लेखक, तिसऱ्या दिवशी चार वाक्यांची भूमिका, असं सगळं करावं लागायचं. तोरोचिक यांचा पडद्यावरचा आवाज इतका काबूत कसा, हा प्रश्न पडत असेल तर उत्तर इथे आहे.

त्यांच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या इमारतीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. शहराच्या मध्यावर ब्लाहा लुयझा चौकात ते उभं होतं. मेट्रो रेल्वेच्या कामाचं कारण देऊन १९६५मध्ये ते पाडलं. त्यानंतर जवळजवळ चार दशकं देशाचं राष्ट्रीय नाट्यगृह उसन्या जागांत नांदलं. डॅन्यूबच्या काठावर नवी वास्तू उघडली ती थेट २००२मध्ये, आणि तोरोचिक पुन्हा तिथल्या नटसंचात सामील झाल्या. त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता?

ज्यासाठी त्यांना पुढे कानचं अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, तो नव्हे. कारोय मक्क यांचा १९७१चा ‘सेरेलेम’, म्हणजे ‘प्रेम’. यावर दुमत असू शकतं, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

मूळ तिबोर देरी यांच्या दोन कथा. काळ पुन्हा १९५३चा. बुडाच्या टेकडीवरच्या घरात एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे. तिचा मुलगा यानोश राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे. म्हातारीला हे कळलं तर ती जायची, म्हणून सून लुत्सा तिला सांगते की यानोश अमेरिकेत सिनेमा बनवतोय. त्याच्या नावाने स्वतः पत्रं लिहिते आणि सासूच्या हाती पोचतील अशी व्यवस्था करते. पत्रं दिवसेंदिवस अधिक भव्य होत जातात. इकडे लुत्साची नोकरी गेलेली आहे, तिच्या घरात सरकारने परके भाडेकरू घुसवलेले आहेत आणि नवरा जिवंत आहे की नाही हेही तिला नक्की ठाऊक नाही.

सासूच्या भूमिकेत लिली दारवाश, सुनेच्या भूमिकेत मारी तोरोचिक. दोघींचे प्रसंग म्हणजे जुगलबंदी. म्हातारी मुलाचं पत्र वाचून फुलते, सुनेला टोमणे मारते, माझ्या मुलाची सर तुम्हाला कुणाला नाही म्हणते. लुत्साला हसायचं असतं, कारण पत्र तिनेच लिहिलंय. आणि त्याच वेळी तिला असूया वाटते, राग येतो, रडू येतं. हे सगळं एका चेहऱ्यावर, एका वेळी, आणि सासूच्या ते लक्षात येता कामा नये. तोरोचिक काय करतात? जवळजवळ काहीच नाही. फुलं नीट लावतात, कप उचलतात, चेष्टा करतात, एखादं उत्तर अर्ध्या श्वासाने उशिरा देतात. नंतर कधीतरी प्रेक्षकाला शंका येते की म्हातारीलाही सगळं कळलेलं असावं. तिथून पुढे प्रत्येक प्रसंग दुहेरी होतो.

पडद्यामागची माणसंही कथेपासून दूर नव्हती. लेखक देरी स्वतः १९५६च्या उठावानंतर तुरुंगात गेले होते. यानोशची भूमिका करणारे इवान दारवाश हेही उठावातल्या सहभागामुळे तुरुंगवास भोगून आलेले. सुटल्यावर काही वर्षं त्यांना रंगभूमीवर परतू दिलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मजुरी केली. लिली दारवाश या नाटककार फेरेन्त्स मोल्नार यांच्या विधवा पत्नी. त्या युद्धाआधी देश सोडून गेल्या होत्या आणि या चित्रपटासाठी न्यूयॉर्कहून आल्या. म्हणजे मुलगा अमेरिकेत आहे असं समजणाऱ्या आईचं काम करायला खरोखर अमेरिकेहून बाई आल्या. दोघांचं आडनाव एक असलं तरी लिली आणि इवान यांचं नातं नव्हतं. हा प्रश्नही बरेचदा येतो, म्हणून इथेच सांगून टाकलं.

संहितेला सरकारी परवानगी मिळायला मक्क यांना वर्षं थांबावं लागलं होतं. १९७१च्या कान महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं, आणि दोघी अभिनेत्रींचा परीक्षकांनी खास उल्लेख केला.

दिग्दर्शक मिक्लोश यांचो यांच्याबरोबरचं काम कसं होतं?

अगदी वेगळ्या जातीचं. यांचो यांचा कॅमेरा चालत राहतो, माणसं चौकटीत येतात-जातात, घोडे धावतात, आणि एकेक शॉट मिनिटामिनिटांनी लांबतो. ‘सेरेलेम’मधल्यासारखा चेहऱ्याजवळ जाऊन थांबणारा कॅमेरा तिथे मिळत नाही.

१९६८च्या ‘चेंद एश कियाल्ताश’मध्ये त्यांनी एका शेतघरातल्या स्त्रीची भूमिका केली. १९१९नंतरची दडपशाही, लपून बसलेला एक सैनिक, आणि घरात हळूहळू शिजणारा एक गुन्हा. १९७४च्या ‘सेरेलमेम, एलेक्त्रा’त त्या स्वतः एलेक्त्रा झाल्या. ग्रीक कथा हंगेरीच्या सपाट माळावर आणलेली, चित्रपट सुमारे ७० मिनिटांचा आणि शॉट मोजून १२. नटाच्या दृष्टीने हे रंगमंचापेक्षाही अवघड, कारण सहाव्या मिनिटाला चूक झाली तर शेकडो माणसं आणि घोडे पुन्हा पहिल्या जागेवर न्यायचे. इतक्या गर्दीत, नाचणाऱ्यांच्या रांगांमधून चालताना तोरोचिक यांची एलेक्त्रा नजरेआड होत नाही. त्यांचा आवाज तिला धरून ठेवतो. वर सांगितलेली रंगभूमीची तालीम इथे कामी आलेली स्पष्ट दिसते.

यांचो सगळ्यांना झेपत नाहीत. पहिल्या फटक्यात कंटाळा आला तर वाईट वाटून घेऊ नका.

मग कानचं अभिनेत्रीचं पारितोषिक कशासाठी मिळालं?

‘देरीने, होल वान?’ या चित्रपटासाठी, १९७६मध्ये. ते फ्रेंच अभिनेत्री डॉमिनिक सांदा यांच्याबरोबर विभागून मिळालं. त्या वर्षी परीक्षकांचे अध्यक्ष नाटककार टेनेसी विल्यम्स होते. कानमध्ये हे पारितोषिक मिळवणाऱ्या तोरोचिक पहिल्या हंगेरियन अभिनेत्री. १९८२मध्ये एका हंगेरियन चित्रपटासाठी ते पुन्हा मिळालं, पण तेव्हाची अभिनेत्री पोलंडची होती.

देरीने हे खऱ्या बाईचं नाव. रोझा सेप्पताकी, म्हणजेच श्रीमती देरी, १७९३ ते १८७२. हंगेरियन भाषेतल्या रंगभूमीच्या पहिल्या मोठ्या गायिका-अभिनेत्री. तेव्हा शहरांत जर्मन नाटकांचं राज्य होतं आणि हंगेरियन नाटकमंडळ्या गाड्यांवर सामान लादून गावोगाव हिंडत. हंगेरीचं सर्वांत मोठं राष्ट्रीय नाटक लिहिणारे योजेफ कातोना त्यांच्या प्रेमात होते, पण ते एकतर्फीच राहिलं. म्हातारपणी देरीने यांनी आठवणी लिहिल्या. त्या अजूनही वाचल्या जातात.

चित्रपटातली देरीने तरुण नाही. नवरा म्हणतो, पुरे झालं, आता घरंदाज बाईसारखी राहा. तीही थकली आहे. घर, बाग, प्रतिष्ठा सगळं समोर आहे आणि तरी रंगमंच सुटत नाही. अभिनेत्रीने अभिनेत्रीची भूमिका करताना एक धोका असतो. बाई प्रत्येक प्रसंगात ‘पाहा, मी नटी आहे’ असं सांगत सुटते. तोरोचिक थोडं ते करतात, मुद्दाम. घरातही देरीनेची मान किंचित प्रेक्षकांकडे वळलेली असते आणि मग आपल्याच लक्षात आल्यासारखी ती ओशाळते. छायालेखन लायोश कोल्तोई यांचं, धूसर आणि सुंदर. चित्रपट मात्र संथ आहे, काही ठिकाणी स्वतःच्या सौंदर्यावर जरा जास्तच खूश. भूमिका चित्रपटापेक्षा मोठी झाली, असं माझं मत.

त्याचे दिग्दर्शक त्यांचे पती होते ना?

हो, द्युला मार. दोघांनी मिळून बरेच चित्रपट केले. त्यांत ‘तेकेतोरिया’चं नाव घ्यायला हवं. मार २०१३मध्ये गेले. त्याआधी, तरुणपणी, तोरोचिक यांचं लग्न नट द्युला बोद्रोगी यांच्याशी झालं होतं. तेही हंगेरीतलं घरोघरी पोचलेलं नाव. खाजगी आयुष्याबद्दल त्याहून जास्त इथे लिहिण्याचं कारण दिसत नाही.

‘पॉल स्ट्रीटची मुलं’मध्ये त्या आहेत का?

आहेत. फाब्री यांनीच १९६९मध्ये केलेल्या त्या चित्रपटात त्या छोट्या नेमेचेकच्या आईच्या भूमिकेत दिसतात. काम लहान आहे. तो चित्रपट ऑस्करच्या परभाषा विभागात नामांकित झाला होता. मूळ कादंबरी फेरेन्त्स मोल्नार यांची, म्हणजे वर आलेल्या लिली दारवाश यांच्या पतींची. हंगेरीच्या कलाजगतात फिरून फिरून तीच माणसं भेटत राहतात.

हॉलिवूडमध्ये त्यांनी काम केलं का?

कोस्ता-गाव्रास यांच्या १९८९च्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये. शिकागोतल्या एका हंगेरियन स्थलांतरितावर युद्धगुन्ह्यांचा आरोप येतो आणि त्याची वकील मुलगी त्याचा खटला लढवते, अशी कथा. मुलीच्या भूमिकेत जेसिका लँग. ती बुडापेस्टला येते तेव्हा तिला भेटणारी माग्दा झोल्दान ही बाई म्हणजे तोरोचिक. प्रसंग थोडा वेळच चालतो, पण चित्रपटाचा शेवट त्याच भेटीत ठरतो. काय होतं ते सांगत नाही. पाहून घ्या.

त्या सरकारधार्जिण्या अभिनेत्री होत्या, असं ऐकलं आहे. खरं का?

हा आरोप त्या पिढीच्या सगळ्याच कलावंतांवर होतो. कोशुत पारितोषिक, म्हणजे तिथला सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान, त्यांना १९७३मध्ये मिळालं, साम्यवादी राजवटीत. तेच पारितोषिक पुन्हा १९९९मध्ये मिळालं, तेव्हा ती राजवट जाऊन दहा वर्षं झाली होती. १९४८नंतर हंगेरीत चित्रपटाचा प्रत्येक फूट सरकारी पैशातून निघत होता. ‘कोरहिंता’ही त्यातूनच निघाला आणि त्याच राजवटीने तुरुंगात टाकलेल्यांवरचा ‘सेरेलेम’ही. तेव्हा एका शब्दाचा शिक्का मारून हाती काही लागत नाही. राजवटीच्या प्रचाराचा चेहरा म्हणून त्यांची भूमिकांची यादी वाचायला गेलात, तर ती यादी साथ देत नाही. मोलकरीण, कैद्याची बायको, थकलेली नटी. जयघोष करणारी बाई त्यात सापडत नाही.

१९७९नंतर त्यांनी काय केलं?

राष्ट्रीय नाट्यगृह सोडलं आणि थोडा काळ द्योर शहरातल्या नाट्यगृहात गेल्या. मग चित्रपट, आणि राजधानीबाहेरच्या रंगमंचांवरची कामं. १९९४मध्ये रशियन दिग्दर्शक अनातोली वासिल्येव यांनी बुडापेस्टमध्ये दस्तयेव्हस्कीची ‘काकांचं स्वप्न’ ही दीर्घकथा रंगमंचावर आणली. तोरोचिक त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. वासिल्येव यांच्या तालमी म्हणजे नटाला साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा शाळेत घालणं. ते काम हंगेरीत अजून चर्चेत असतं.

पडद्यावर १९९७चा, अत्तिला यानिश यांचा ‘होस्सू ऑल्कोनी’ बघावा. एक वृद्ध विदुषी बसमध्ये बसते आणि भलत्याच ठिकाणी पोचते. शर्ली जॅक्सन यांच्या कथेवर आधारलेली ही भीतिकथा जवळजवळ एकट्या तोरोचिक यांनी पेलली आहे. भुताखेतांशिवाय अंगावर काटा येतो.

मध्यंतरी त्या मरणाच्या दारातून परतल्या, ही बातमी खरी होती?

खरी. २००८च्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, पण पुढे बरेच दिवस त्या कोमात होत्या. त्यांचं वय तेव्हा ७२. देशाने आशा सोडली होती. त्या उठल्या, आणि नुसत्या उठल्या नाहीत, तर पुन्हा रंगमंचावर गेल्या.

नंतरच्या कामांत राष्ट्रीय नाट्यगृहातलं ‘हरिण झालेला मुलगा’ महत्त्वाचं. फेरेन्त्स युहास यांच्या दीर्घ कवितेवरचा प्रयोग, दिग्दर्शक अत्तिला विद्न्यान्स्की. आई मुलाला घरी बोलावते आहे, मुलगा आता हरिण झालाय आणि येऊ शकत नाही. आईच्या भूमिकेत तोरोचिक. वयामुळे हालचाल थोडी, पण शब्द एकही सुटा पडत नव्हता.

पडद्यावर २०१७मध्ये मार्ता मेसारोश यांच्या ‘अरोरा बोरिआलिस’मध्ये त्या दिसल्या. १९५०च्या दशकातलं एक कुटुंबगुपित पोटात ठेवलेल्या वृद्ध आईची ही भूमिका आहे.

आणखी कोणते सन्मान मिळाले?

हंगेरीत २०००मध्ये ‘राष्ट्राचा नट’ हा किताब सुरू झाला. एका वेळी फक्त १२ जणांकडे तो असतो आणि आयुष्यभरासाठी असतो. पहिल्या १२ जणांत तोरोचिक होत्या. बाकी पारितोषिकांची यादी लांब आहे, ती कुठेही मिळेल.

शेवटची वर्षं त्या कुठे राहत होत्या?

वेलेममध्ये. कोसेगच्या डोंगररांगेतलं, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचं छोटं गाव. मार यांच्यासह त्या तिथे राहत आणि दफनही तिथेच झालं, बुडापेस्टच्या मानाच्या कबरस्तानात नाही.

पहिल्यांदा पाहायचं तर कोणत्या क्रमाने पाहावं?

‘सेरेलेम’पासून सुरुवात करा. दीड तासाचा आहे, कृष्णधवल आहे, आणि हंगेरीचा इतिहास माहीत नसला तरी अडत नाही. सासू-सून-पत्र एवढं पुरतं. त्यानंतर ‘कोरहिंता’, मग ‘एदेश ऑना’. या दोन्हींत फक्त दोन वर्षांचं अंतर आहे, तेव्हा लागोपाठ पाहिलेत तर अभिनेत्री कुठून कुठे गेली ते लख्ख दिसेल. ‘देरीने’ त्यानंतर ठेवा आणि यांचो सगळ्यांत शेवटी.

‘सेरेलेम’ आणि ‘कोरहिंता’ या दोन्हींच्या डागडुजी करून स्वच्छ केलेल्या प्रती अलीकडच्या वर्षांत कानच्या अभिजात चित्रपट विभागात दाखवल्या गेल्या आहेत. जुन्या, धुरकट प्रतीवर समाधान मानू नका. विशेषतः ‘कोरहिंता’तला पाळणा अंधुक प्रतीत नुसता राखाडी गोळा दिसतो. उपशीर्षकं इंग्रजीत मिळतात. मराठीत अजून कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाहीत. ‘सेरेलेम’चे संवाद थोडे आणि छोटे आहेत, कुणाला हौस असेल तर सुरुवात तिथून करता येईल.